लक्ष्मणराव किर्लोस्करांची कडबाकुट्टी आणि फोर बाय फोरचे न जुळणारे गिअर

जुनी जीप किंवा जिप्सी घेतलेल्या पोरांची एक तक्रार आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात बऱ्याचदा ऐकू येते. गाडी टू व्हीलमध्ये मस्त चालते. फोर व्हीलचा दांडा टाकला की जड होते, वळणावर धक्के देते, आणि मग दांडा परत निघतच नाही. इंजिन चांगलं, गिअरबॉक्स चांगला, पुढचं-मागचं डिफरन्शिअल चांगलं. एकेक पार्ट सुटा काढून तपासला तर सगळे पास. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या, पण सिस्टिम बंद! बिघाड कुठल्याच पार्टात नसतो. तो दोन पार्टांच्या मधल्या एका आकड्यात असतो, आणि त्या आकड्याचं नाव गिअर रेशो.

हा आकडा समजावून सांगायला मला लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या यंत्रांइतकी सोपी उदाहरणं दुसरीकडे सापडली नाहीत. मोटारगाड्या हा त्यांचा धंदा नव्हता. नांगर, कडबाकुट्टी, चरक हा त्यांचा माल. पण फोर बाय फोर गाडीत जे चुकतं ते या यंत्रांत उघड्या डोळ्यांनी दिसतं, वर लोखंडी झाकण नसतं. म्हणून आज त्यांचं आयुष्य सांगतो आणि वाटेत गाडीही दुरुस्त करतो.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. अभ्यासापेक्षा चित्रं आणि यंत्रं यातच जीव. घरच्यांचा विरोध पत्करून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षं रंगवल्यावर कळलं, की काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही. आंशिक रंगांधळेपण. चित्रकार होण्याचा विषय तिथेच संपला. पण जे. जे. मध्ये मेकॅनिकल ड्रॉइंगही शिकवत. त्यात रंग लागत नाही, रेघ आणि माप लागतं. ते त्यांनी सोडलं नाही आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आताच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंग शिकवायला लागले. संस्था नवीकोरी होती, १८८७ ची. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं कशी चालतात हे त्यांनी हाताने शिकून घेतलं.

मला इथे गंमत वाटते. आपण हल्ली त्रिमितीय मॉडेल फिरवून बघतो. लक्ष्मणराव कागदावर दोन वर्तुळं एकमेकांना टेकवून काढायचे, आणि गिअरचं सगळं गणित त्या दोन वर्तुळांत असतं. मोठं वर्तुळ छोट्याच्या तिप्पट असेल तर मोठ्याची एक फेरी होईपर्यंत छोट्याच्या तीन होतात. गिअर रेशो म्हणजे एवढंच.

१८८८ मध्ये त्यांनी सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात मोठे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. किर्लोस्कर ब्रदर्स ही फर्म आपली सुरुवात इथूनच धरते. सायकलच्याच इतिहासात ही वर्षं मोठी होती. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलला पायडल थेट पुढच्या चाकाला असे. पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. वेग हवा तर चाकच मोठं करा, म्हणून ती उंची! १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये स्टार्लीची साखळीवाली सायकल आली आणि चाक न वाढवता वेग वाढवायची सोय झाली. पुढच्या चक्राला ४८ दात आणि मागच्याला १६, तर पायडलची एक फेरी आणि चाकाच्या तीन.

मुंबईतली नोकरी त्यांनी १८९७ मध्ये सोडली. त्यांच्या हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, हे कारण. शिकवणं सोडून ते बेळगावला भावाकडे आले आणि सायकलीच्या दुकानाबरोबर छोटा कारखाना सुरू झाला.

कडबाकुट्टी नीट बघा

त्यांचं सुरुवातीचं उत्पादन म्हणजे कडबा कापायचं यंत्र. आपल्याकडे गोठा असलेल्या बहुतेक घरांत कडबाकुट्टी बघायला मिळते. आता मोटरवर चालते, पूर्वी हाताने चाक फिरवायचे. पुढच्या वेळी बघाल तेव्हा दोन गोष्टी बघा.

एक म्हणजे मोठं चाक, ज्याला पाती लावलेली असतात. दुसरी म्हणजे आतले दोन दातेरी रोलर, एकावर एक. त्यांच्या फटीत कडबा धरला जातो आणि पात्यांकडे सरकत जातो. चाक आणि रोलर एकमेकांना गिअरने जोडलेले असतात. चाकाच्या एका फेरीत रोलर किती फिरतात त्यावर कुट्टी बारीक की जाड हे ठरतं. गिअर बदला, लांबी बदलेल. हा रेशो तुमच्या मर्जीचा. म्हशीला बारीक हवी तर बारीक.

पण वरचा रोलर आणि खालचा रोलर, या दोघांमध्ये मर्जी चालत नाही. दोघांनी एकच ताट धरलेलं असतं. खालचा एका सेकंदात १० सेंटिमीटर ओढत असेल तर वरच्यानेही १०च ओढले पाहिजेत. वरच्याचा गिअर बदलून तो ११ ओढायला लागला, तर उरलेला एक सेंटिमीटर कुठे जाणार? ताट सोलून निघेल, रोलर घसरेल. आणि कडबा फारच टणक असेल, सोललाही जाणार नाही आणि घसरूही देणार नाही, तर गिअरचा दात तुटेल.

फोर बाय फोरचं सगळं दुखणं या एका यंत्रात आहे. एका हँडलपासून निघालेले दोन रस्ते वेगवेगळ्या ठिकाणी संपत असतील तर दोघांचे रेशो वेगळे असले तरी चालतात. दोन्ही रस्ते पुढे जाऊन एकाच गोष्टीला धरत असतील तर मात्र हिशेब जुळावाच लागतो. उसाच्या चरकातही हेच. रसवंतीत तीन रोलरवरचे गिअर बघा. रोलर सारखे असतील तर दात सारखे, एखादा रोलर मोठा असेल तर त्याच प्रमाणात दात जास्त. कांडं तिघांमधून एकाच वेगाने जायला हवं.

आणि त्या काळच्या कारखान्यात? छताखाली एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे खाली प्रत्येक मशीनला जायचे. ड्रिलला एक वेग, लेथला दुसरा. इंजिन एकच, रेशो दहा. पण भांडण नाही, कारण ड्रिल आणि लेथ पुढे कुठेच एकत्र येत नाहीत. शिवाय पट्टा थोडा घसरून घेतो. गिअर घसरत नाही.

माळरानावर

बेळगावात धंदा जरा मार्गी लागतो तोवर नगरपालिकेने अडचणी उभ्या केल्या आणि कारखान्याची जागा सोडावी लागली. नुकसान झालं ते वेगळंच. तेव्हा मदतीला आले औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. राजे स्वतः चित्रकार होते. त्यांनी १० हजार रुपये कर्ज आणि कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग. १९१० मध्ये लक्ष्मणराव तिथे बिऱ्हाडासकट गेले. त्या जागेचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं. रेल्वेने पुण्याहून मिरजेला जाताना स्टेशनची पाटी दिसते.

नकाशात गोंधळ नको म्हणून सांगतो. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात. तेव्हा दोन्ही औंध संस्थानात होती. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

त्या माळावर कोण कोण आलं बघा. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे. हिशेबाला मंगेशराव रेगे. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर पुढे कारखान्याचे इंजिनिअर झाले. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी दरोड्याची शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. गावात शिवाशिव पाळायची नाही हा नियम, आणि हे १९१० नंतरच्या दशकात! प्रत्येकाचा भूतकाळ वेगळा होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही. कामाच्या शिस्तीत मात्र सवलत नव्हती.

त्याआधीची नांगराची गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते, म्हणून थोडक्यात. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. मग पहिलं महायुद्ध आलं. कोळसा मिळेना, लोखंड मिळेना. ओतकामाला लोखंड हवं म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला, हे ऐकायला छान वाटतं, पण ते करणाऱ्या माणसाची त्या वेळची अवस्था काय असेल याचा विचार करा. भट्टी थंड पडली असती तर सगळं गाव उठलं असतं.

आता गाडीकडे

महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. आपल्याकडच्या जुन्या जीपांचं मूळ तिथे. या घराण्यात एक घोटाळा लपलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीज जीपच्या डिफरन्शिअलमध्ये क्राउनला ३९ दात आणि पिनियनला ८. म्हणजे रेशो ४.८८. युद्धानंतर जी शेतकऱ्यांसाठी आणि नागरिकांसाठी जीप आली, तिच्यात ४३ आणि ८. म्हणजे ५.३८. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. पण पुढचं हाउसिंग बाहेरून बघून आत कोणता आकडा आहे हे कळत नाही.

माझ्या एका मित्राच्या जीपचं पुढचं क्राउन-पिनियन गेलं. गॅरेजवाल्याने भंगारातून अख्खं हाउसिंग आणून बसवलं. बसलं झकास. बोल्ट न बोल्ट जुळला. मागे ५.३८, पुढे ४.८८. चार महिन्यांनी ट्रान्स्फर केस फुटली, आणि त्याला बिल परत एकदा भरावं लागलं.

काय होत होतं? अशा जीपमध्ये फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात, फेऱ्या अगदी सारख्या. शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत मागचं चाक १०० वेळा फिरलं तर पुढचं ११० वेळा फिरायला बघतं. दोन्ही चाकांखाली रस्ता मात्र एकच. कडबाकुट्टीचे दोन रोलर आठवा, ताटाच्या जागी डांबर ठेवा. एक किलोमीटर जाताना पुढची चाकं १०० मीटर जास्त धावू पाहतात. चिखलात ती घसरून मोकळी होतात, त्यामुळे शेतात काही कळत नाही. कोरड्या डांबरावर घसरणं सोपं नाही. मग शाफ्ट पिळले जातात, दांडा अडकतो, टायर खवले पडल्यासारखे झिजतात आणि शेवटी जो सगळ्यात कमजोर दात असेल तो जातो.

पैशापेक्षा मोठी भीती घाटातली. टायरची पकड मर्यादित असते. ती पुढे-मागे घसरण्यातच खर्च होत असेल तर वळवायला कमी उरते. पावसाळ्यात कासच्या रस्त्याला भरवशासाठी फोर व्हील टाकावं आणि नेमकी त्यामुळेच पुढची चाकं वळण सोडून सरळ निघावीत, असं होऊ शकतं.

गिअरबॉक्सबद्दल एक गैरसमज दूर करतो. पहिला, दुसरा, तिसरा गिअर वेगळ्या रेशोचे असले तर हा त्रास होत नाही. कारण ते फाट्याच्या अलीकडे असतात, पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना सारखेच लागू. फाट्यानंतरचे रेशो जुळले पाहिजेत. पण काही गाड्यांत पुढचं डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं. गेममध्ये चालवलेली सुबारू आठवते? तिच्या वेगवेगळ्या मॉडेलांत हा आकडा ३.९०, ४.११ किंवा ४.४४ असा येतो. ४.४४ वाला गिअरबॉक्स टाकला आणि मागे ३.९० तसंच राहिलं, तर फरक जवळजवळ १४ टक्के. तिथे मध्ये सेंटर डिफरन्शिअल असतं, त्यामुळे दात लगेच तुटत नाही. पण त्याला जोडलेलं कपलिंग सतत घसरत राहतं, तापतं आणि जळतं. आपल्या ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्हींमध्ये मागच्या चाकांसाठी क्लच असतो, त्याचीही हीच गत. आवाज न करता जातो.

मग शून्य फरकच हवा का? नाही. दात पूर्णांकातच असतात, त्यामुळे ४१ भागिले १० म्हणजे ४.१० आणि ३७ भागिले ९ म्हणजे ४.११ असे शेजारी आकडे येतात. हा फरक पाव टक्क्याच्या आसपास, खुशाल चालवा. त्यापेक्षा टायर जास्त गोंधळ घालतात. ७० सेंटिमीटरच्या टायरची नक्षी ८ मिलिमीटरवरून २ वर आली तर व्यास १२ मिलिमीटरने घटतो, म्हणजे १.७ टक्के. ऑल व्हील ड्राइव्हला दोनच नवे टायर टाकू नका म्हणतात ते यासाठी.

आणि फोर बाय फोर ट्रॅक्टर? ऊसपट्ट्यात आता ते भरपूर दिसतात. पुढची चाकं लहान, मागची मोठी, म्हणजे रेशो मुद्दामच वेगळे. वर पुढच्या चाकांना साधारण १ ते ५ टक्के जास्त वेग दिलेला असतो, म्हणजे ती मऊ रानात पुढून ओढतात. पण हा हिशेब ठरावीक टायरच्या मापावर बेतलेला असतो. पुढे स्वस्तात मिळाला म्हणून दुसऱ्या मापाचा टायर चढवला आणि फोर व्हील चालू ठेवून ट्रॉली डांबरावरून कारखान्याला नेली, की पुढच्या एक्सलचे दात मोजायला लागा.

तपासणी सोपी आहे. जुनी फोर बाय फोर घेताना नक्की करा. गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड किंवा लाकूड लावून, न्यूट्रलमध्ये, दांडा टू व्हीलवर. एक चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका. पुढे फ्री व्हील हब असेल तर लॉक करा. मागचं चाक तपासताना हँडब्रेक सोडलेला हवा. टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. एकच चाक उचललेलं असताना डिफरन्शिअलमुळे त्या चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राउनची एक फेरी होते. म्हणून चाक २० वेळा फिरवा आणि दुसऱ्याला शाफ्टच्या फेऱ्या मोजायला सांगा. ५३.७५ आल्या तर रेशो ५.३८, ४८.७५ आल्या तर ४.८८. पुढे आणि मागे दोन्हीकडे करा. विकणारा माणूस ‘कशाला एवढं?’ म्हणून हसला तर हसू द्या.

नंतरची वर्षं

१९२० मध्ये किर्लोस्करवाडीतून पुतण्या शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. सुरुवातीला कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ते पत्रक होतं. आजच्या भाषेत कंपनीचा ब्लॉगच. त्याचं पुढे मराठीतलं मोठं मासिक झालं. यंत्राची माहिती मराठीत लिहून लोकांच्या हातात द्यायची, हा उद्योग या भागात शंभर वर्षं जुना आहे, त्यामुळे आम्ही काही नवीन करतो असं मला वाटत नाही.

मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन १९२६ मध्ये परतले. कारखाना पंपांकडे वळला, १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथ बनवायची कंपनी निघाली, १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांची. हरिहरचा लेथ मला या सगळ्यात जास्त आवडतो, कारण आटे पाडताना लेथवर दोन रस्ते पुन्हा एकत्र येतात. एक रस्ता जॉब फिरवतो, दुसरा हत्याराला पुढे सरकवतो, आणि दोघांची भेट हत्याराच्या टोकाशी होते. इथे दोघांच्या रेशोमधला फरकच आट्याचं अंतर ठरवतो. बाजूच्या पेटीतले गिअर बदलायचे, तक्त्यात बघून, आणि एक दात जरी इकडचा तिकडे झाला तरी नट बोल्टवर चढत नाही.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले, ८७ वर्षांचे होऊन. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात.